प्लेस्टेशन 1 वरचा साउथ पार्क: भिंती हलतात ते मशीनमुळे की गेमच तसा?

माळ्यावरचा_माल
नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. माळा रिकामा करताना जुना प्लेस्टेशन 1 निघाला, आत साउथ पार्क या अमेरिकन कार्टून मालिकेवरच्या गेमची सीडी तशीच. खालची बाजू ओरिजिनलसारखी काळी नाही, म्हणजे कॉपी. काकाच्या डबा टीव्हीला जोडला तर चक्क चालू झाला!

पण त्रास तोच, तेव्हाचा. भिंतीजवळ गेलं की भिंत पाण्यातल्यासारखी हलते. चार पावलांपुढे सगळं धुकं. मेमरी कार्ड नव्हतं, म्हणजे गेम सेव्ह व्हायचा नाही, त्यामुळे मी आणि दादाने अख्खी मे महिन्याची सुट्टी पहिल्याच बर्फात टर्क्यांना गोळे मारत काढली. (गोळ्यावर सू करून तो पिवळा करता येतो. आईला वाटायचं, तलावपाळीवरचा अननसाचा गोळा आहे.)

बाबांचं तेव्हापासून ठाम मत, की कॉपी सीडी चालावी म्हणून मशीनमध्ये चिप बसवणाऱ्याने ते बिघडवलं. त्याचे राहिलेले दीडशे रुपये त्यांनी दिलेच नाहीत. आता भाचा विचारतोय, "मामा, हे खराब आहे का?" काय सांगू?

ऐरोली_साईडिंग
मशीन ठणठणीत आहे, गेमच तसा. अक्लेम कंपनीने तो 1998 च्या शेवटी निन्टेन्डो 64 वर आणला, इंजिन (चित्र काढणारा आतला प्रोग्रॅम) त्यांच्याच 'टुरॉक' या गेमचं. त्या मशीनमध्ये चित्र भिंतीवर तिरकं बसवताना अंतराचा हिशोब होतो. प्लेस्टेशन 1 मध्ये तो होतच नाही, वर कोपऱ्यांचे बिंदू पूर्णांकातच धरले जातात. म्हणून कोपरे थरथरतात आणि भिंत जवळ आली की तिच्यावरचं चित्र वाकतं. टेकन 3 या मारामारीच्या गेममध्ये कॅमेरा लांब, म्हणून खुपत नाही. इथे तुम्ही भिंतीला नाक लावून उभे.

धुकं निन्टेन्डोवरही होतंच. लांबचं काढायला मशीनला जमत नाही, मग घाला पांघरूण. 1999 मध्ये हाच गेम प्लेस्टेशनवर आला तेव्हा समीक्षकांनी धू धू धुतला.

कॅसेट_फुंकणारा
मी वाशीला मावसभावाकडे निन्टेन्डोवर खेळलोय. चौघं एकत्र बसलं की धमाल यायची, एकट्याने खेळलं तर झोप. गाय फेकणारी तोफ मिळेपर्यंत दम धरलात का? आणि ती कोंबडी, जिच्यातून नेम धरून अंडी मारायची? कल्पना भन्नाट, पण लेव्हल म्हणजे नुसती लांबलचक गल्ली आणि त्याच त्याच टर्क्या. मालिकेतली गंमत बोलण्यात आहे हो. इथे पोरं तीच तीच वाक्यं इतक्यांदा बोलतात, की मावशी स्वयंपाकघरातून आधीच म्हणून दाखवायची, अर्थ न कळता!

मालिकेच्या दोन्ही निर्मात्यांनाही तो गेम आवडला नव्हता. 2014 च्या 'द स्टिक ऑफ ट्रुथ' या साउथ पार्कच्याच गेमचं लेखन मग त्यांनी स्वतः केलं. तो मात्र थेट मालिकेचा भाग बघतोय असा वाटतो. पण भाचा केवढा आहे? कार्टून दिसलं म्हणून हातात देऊ नका, दोन्ही गेम लहान मुलांचे नाहीत.

माळ्यावरचा_माल
भाचा नऊ वर्षांचा. बरं झालं सांगितलंत, सीडी परत पिशवीत घातली. आमच्या बाबांनी मात्र 'कार्टूनच आहे ना' म्हणून दादाला अकराव्या वाढदिवसाला दिली होती.

ऐरोलीकर, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. पूर्णांकापर्यंत नीट ऐकलं, मग म्हणाले, "म्हणजे चिपवाला बरोबर होता?" आणि पेपर वर धरला. ते दुकान केव्हाच गेलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दादाला मेसेज केला तर त्याचं एकच उत्तर: कंट्रोलर टाकू नकोस, माझा होता.