स्मीरेनबर्ग चुकवू नका
कुणीतरी लिहिलंय की स्वालबार्डला (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) बर्फ आणि अस्वलं सोडून बघण्यासारखं काही नाही. अजिबात पटलं नाही. वायव्य टोकाच्या आम्स्टरडॅम बेटावरचं स्मीरेनबर्ग, म्हणजे देवमासे पकडणाऱ्यांचं जुनं ठाणं, बघाच. १७व्या शतकात डच लोक इथे देवमाशांची चरबी उकळायचे. भट्ट्यांभोवती सांडलेलं तेल वाळू-खड्यांत मिसळून दगडासारखं घट्ट झालं, त्याची काळी वर्तुळं किनाऱ्यावर अजून दिसतात. त्यांवर पाय मात्र देऊ नका. १९४६पूर्वीच्या सगळ्या खुणा तिथे कायद्याने संरक्षित आहेत. समोरच्या डेन बेटावर व्हिर्गोहाम्ना ही छोटी खाडी आहे. १८९७मध्ये स्वीडिश संशोधक आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार इथूनच बलूनने उत्तर ध्रुवाकडे निघाले, परतलं कुणीच नाही. व्हिर्गोहाम्नाला उतरायला स्वालबार्डच्या गव्हर्नरची परवानगी लागते, बोटवाल्यांना आधीच विचारून ठेवा.