एवढे रंधे कशाला लागतात

एकांनी विचारलंय की एका सुताराला पाच-पाच रंधे कशाला, हा नुसता जमवायचा नाद ना? नाद आहेच, पण त्याला कारण आहे. लाकूड तासून सपाट करायच्या या रंध्यात लांबीला फार महत्त्व. साधारण ९ इंची चार नंबरचा रंधा खळग्यातही उतरतो म्हणून तो शेवटच्या सफाईला, आणि २२ इंची सात नंबर खळग्यांवरून तसाच पुढे जातो, फक्त उंचवटे कापतो, त्यामुळे फळीची कड सरळ होते आणि दोन फळ्या जोडल्या की मधे फट राहत नाही, हेच चार नंबरने करायला गेलात तर फार वेळ जातो. हे नंबर स्टॅन्ले या अमेरिकन हत्यारांच्या कंपनीचे, १८६९ मध्ये त्यांनी लिओनार्ड बेली या कारागिराची रंध्यांची पेटंटं घेतली, तीच रचना थोड्याफार फरकाने आजही चालते.

पण माझा सगळ्यात लाडका म्हणजे आजोबांचा शिसवी रंधा, पाचर ठोकून पातं बसवायचा. मागच्या अंगाला हातोडीची हलकी टिचकी मारली की पातं आत जातं, पात्याच्या डोक्यावर मारली की बाहेर. त्यांच्या हाताने झिजलेल्या जागेवर माझा अंगठा बरोबर बसतो. खंडेनवमीला पहिलं फूल त्यालाच.

पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडी रंधा दिसला तर गंजाला घाबरू नका, तो पॉलिश पेपरने निघतो. बॉडीला तडा गेलाय का आणि पातं किती उरलंय ते मात्र नीट बघून घ्या.