बेगमपुऱ्यातल्या वाड्याला लोणा लागलाय, टाइल्स लावू का?

बेगमपुरेकर:
नमस्कार मंडळी. संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या अंगाला आमचा आजोबांच्या वेळचा वाडा आहे. खाली दगड, वर विटा, बांधकाम चुन्यातलं. माळवद अजून पांढऱ्या मातीचंच. वडील होते तेव्हा समोरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. आता लोणा (भिंतीवर फुलणारा क्षार) लागून पोपडे सुटायलेत, ओल खिडकीपर्यंत चढलीय. गवंडी म्हणायलाय, टाइल्स लावा, दिसणारच नाही. काय करू?

गुलमंडीचा बाळ्या:
पाडा अन् तीन मजले काढा. लोणा कायमचा गेला.

चुन्यातला म्हातारा:
बाळ्या, तू गप बस.

बेगमपुरेकर, टाइल्स लावल्या की ओल खिडकीच्या वर निघेल, एवढाच फरक. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंच. चुन्याचा गिलावा ते बाहेर सोडतो, सिमेंट तोंड बंद करतं. मग पाणी वाट शोधत वर सरकतं अन् त्यातला क्षार विटेच्या तोंडाशी फुलतो. विटा भुसभुशीत होतात त्या यानंच.

शेजारचा मकबरा बघा की. लोक त्याला अख्खा संगमरवरी समजतात. संगमरवर खाली कमरेएवढा अन् वर घुमटाला. मधलं बहुतेक काम काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्याचं, सतराव्या शतकातलं.

पण चुन्याआधी रस्ता बघा. दर वेळी जुना न उकरता वरच काँक्रीट ओततात, जोतं खाली जातं अन् पावसाचं पाणी भिंतीशी तुंबतं. ते पाणी हटवल्याशिवाय चुनासुद्धा टिकायचा नाही. मग सिमेंट खरवडा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा. कळीचा चुना हौदात चांगला विरू द्या, पोत्यातली पुट्टी नको. वाळू अन् सुरखी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळा, पातळ थर द्या, ओल्या गोणपाटानं झाका. आपल्या उन्हात ताजा चुना लगेच तडकतो.

कागदवाली ताई:
मकबरा पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे 200 मीटर परवानगीनं. या पट्ट्यांतला जुना वाडा दुरुस्त करता येतो, पण अर्ज करून. अंतर घुमटापासून नाही, हद्दीपासून मोजा. बाळ्याभाऊ, तुमचे तीन मजले बहुतेक इथंच अडकले!

बेगमपुरेकर:
काका, जोतं वीतभर रस्त्याखाली गेलंय. गवंडी रुसलाय, त्याचं बघू. घाणी नाही मिळाली तर काँक्रीटच्या मिक्सरमध्ये चालेल का?

चुन्यातला म्हातारा:
नाही. त्यात नुसता ढवळला जातो, चाकाखाली रगडला गेला पाहिजे. आधी पाण्याला उतार काढा अन् ताईंनी सांगितलेला अर्ज टाका. घाणीचं पावसाळ्यानंतर विचारा.