मदत हवी आहे: विशेषणांचे समानार्थी शब्द पाठ होतात, वाक्यात मात्र फसतात

ओसरी
सहावी-सातवीच्या मुलांना दिसणं, चव, वास, स्पर्श यांच्या विशेषणांचे समानार्थी शब्द शिकवायचे आहेत. याद्या तोंडपाठ झाल्यात. पण वह्यांत सापडतं ते असं: 'टुमदार मुलगी', 'स्थूल पुस्तक', 'आईचे काळेकुट्ट टपोरे डोळे', 'गिळगिळीत रेशीम'. व्याकरण बरोबर, शब्दही खरे, तरी कानाला खटकतं. 'समानार्थीच आहे ना, मग का नाही चालत?' याला काय उत्तर द्यावं? आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास हातात आहेत. शिवाय 'काळाकुट्ट', 'हिरवागार' हे शब्द चालवायचे कसे, त्याला काही नियम आहे का?

शब्दखोर
यादीतलं बरोबरचं चिन्ह आधी खोडा. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. विशेषण एकटं वहीत उतरवूच द्यायचं नाही. ज्या नामाशी त्याचं जमतं ते नाम सोबत हवंच. 'सुंदर'चंच घ्या. टुमदार असतं घर किंवा गाव. सुबक म्हणजे हाताने घडवलेलं: मूर्ती, रांगोळी, मोदकाच्या कळ्या. रेखीव भुवया, नाकडोळे. नीटस बांधा. ठसठशीत कुंकू, नथ. देखणा माणूसही असतो आणि घोडाही.

'बारीक'च्या घरात तर बोलणाऱ्याची नजरही येते. सडपातळ, शेलाटा ही स्तुती. किडकिडीत म्हटलं की अंगात जोर नाही, हडकुळा म्हणजे हाडं दिसतात, काटकुळा म्हणजे हातपाय काड्यांसारखे. रोड माणूस बहुधा आजारातून उठलेला असतो. कृश पुस्तकी, बोलण्यात जवळजवळ नाहीच. उलट बाजूला बाळ गुटगुटीत, पहिलवान धष्टपुष्ट. आजोबांना गुटगुटीत म्हटलं तर वर्ग हसेल. हसू द्या, तो शब्द पक्का बसला.

एक सांगून ठेवतो: काही याद्यांत 'गोरा' हा 'सुंदर'च्या ओळीत घुसवलेला असतो. तो रंग आहे. काढून टाका.

रंगारी
रंगांची जोडविशेषणं हा माझ्या मते मराठीचा सगळ्यात श्रीमंत कोपरा आहे, त्यावर एक अख्खा तास द्या. पहिला भाग रंग सांगतो, दुसरा भाग तो रंग आवडला, खुपला की भीती वाटली ते सांगतो.

काळाभोर: केस, डोळे. कौतुक. काळाकुट्ट: अंधार, ढग. काळाकभिन्न: कातळ, किंवा दांडगा, भीती वाटेल असा माणूस. आता 'काळेकुट्ट डोळे' का खटकले ते मुलांना सांगावंही लागणार नाही.

लालचुटूक: पोपटाची चोच, डाळिंबाचे दाणे, लहान आणि गोड काहीतरी. लालभडक: डोळ्यांत खुपणारं. लालबुंद: रागाने किंवा उन्हाने झालेला चेहरा. पांढराशुभ्र सदरा धुतलेला असतो, पांढराफटक चेहरा घाबरलेला किंवा रक्त कमी असलेला. हिरवागार शेत आणि डोंगराला, हिरवाकंच चुड्याला आणि साडीला. पिवळंधमक सूर्यफूल. आभाळ आणि पाणी निळंशार.

रूपांचा नियम सोपा आहे. पहिला भाग आकारान्त असेल तर तोच चालतो, शेपूट तशीच राहते: काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळेकुट्ट, काळ्याकुट्ट ढगात. हिरव्यागार शेतात. 'लाल' मुळातच बदलत नाही, म्हणून लालभडक सर्व लिंगांत लालभडकच. दुसरा भागही आकारान्त विशेषण असेल तर दोन्ही बदलतात: गोरागोमटा, गोरीगोमटी, जाडाभरडा, जाडीभरडी.

फिक्या छटांना -सर आणि -ट. पिवळसर भिंत ही नुसती माहिती, पिवळट दात ही तक्रार. काळसर आणि काळपट यांचंही तेच. अगदी काटेकोर नियम नाही हा (कडवट कॉफी आवडणारे आहेतच), पण शंका आली तर -सर लिहावं, कुणी दुखावत नाही.

तिरफळ
चवीसाठी कारण विचारा, शब्द आपोआप सापडतो. मीठच नाही: अळणी. मीठमसाला दोन्ही कमी: सपक. पाणी जास्त झालं: पाणचट. पाण्यालाच बरी चव नाही: मचूळ. काहीच ठसका नाही: मिळमिळीत, आणि हा भाषणालाही चालतो. 'बेचव' लिहिलं की फक्त नापसंती कळते, बिघाड कुठे ते कळत नाही.

वासाचंही तसंच. न वाळलेल्या कपड्यांना कुबट, जुन्या खोबऱ्याला किंवा तेलाला खवट, रात्रभर बाहेर राहिलेल्या वरणाला आंबूस, तळाला लागलेल्या दुधाला करपट. खमंग फक्त भाजण्या-तळण्याचा; फुलाला खमंग म्हणत नाहीत.

कुरकुरीत आणि खुसखुशीत यांत पालक लोकही गोंधळतात. कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करणारं: पापड, भजी. खुसखुशीत म्हणजे तोंडात विरघळत तुटणारं: करंजी, शंकरपाळे. ते मोहनाच्या तुपातेलाने येतं. मोहन कमी पडलं की शंकरपाळे खुसखुशीत न होता टणक होतात, फार झालं तर तळणीतच फुटतात. लेख खुसखुशीत असतो, कुरकुरीत नाही.

तासाला करण्यासारखं: कापडी पिशवीत सहा वस्तू घाला. ओला साबण (बुळबुळीत), विटेचा तुकडा (खडबडीत), नारळाची शेंडी (राठ), नदीतला गोटा (गुळगुळीत), जुनी मलमल (तलम), तेलाचं रिकामं झाकण (ओशट). न बघता हात घालायचा, विशेषण आणि त्याच प्रकारचं दुसरं नाम सांगायचं: 'बुळबुळीत, शेवाळलेली पायरी'. साबण वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर पाच मिनिटांत सगळंच बुळबुळीत. सहापेक्षा जास्त वस्तू नकोत, ४० मिनिटांत अख्ख्या वर्गाचे हात फिरत नाहीत.

शब्दखोर
भर घालतो. 'गिळगिळीत'मध्ये किळस आहे: गोगलगाय, पिकून सडलेलं फळ. रेशमाला मऊसूत किंवा तलम. शंका आली तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) बघा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मात्र मोल्सवर्थमधले बरेच शब्द आता कुणी बोलत नाही, मुलांच्या हाती थेट देऊ नका.

ओसरी
सगळ्यांचे आभार, सोमवारी पिशवी आणि गुरुवारी रंग असं ठरवलं. एक शेवटचं: 'गुळगुळीत'चा ळी दीर्घ, मग 'हडकुळा'चा कु ऱ्हस्व का?

रंगारी
मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार-उकार दीर्घ: गुळगुळीत, तांबूस, आंबूस, चुटूक. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर तो ऱ्हस्व: हडकुळा, पांढुरका. जोडाक्षराआधी ऱ्हस्व: कुट्ट, गोडमिट्ट. 'मधुर' जसाच्या तसा संस्कृतातून आलेला, त्याला पहिला नियम लागू नाही.