ईशाच्या डोक्यातल्या उवा

माधवीवहिनी: ईशाच्या डोक्यात उवा झाल्यात. कानामागे खाजवून खाजवून रक्त काढलंय पोरीनं. केमिकलवालं औषध नको वाटतंय, म्हणून टी ट्री नावाच्या झाडाचं तेल आणलं. रात्री तसंच चोळून ठेवू का?

अनुताई: वहिनी, थांब! तसंच अजिबात चोळू नकोस. मी माझ्या लेकीला लावलं होतं. अर्ध्या तासात मानेवर पुरळ उठलं, रडून रडून बेजार झाली ती. ईशाची तर कातडी सोललीये, तिथे फार झोंबेल. आणि बाटली उघडून बरेच दिवस झाले असतील तर टाकूनच दे. हवा लागून तेल बिघडलं की ॲलर्जी व्हायची शक्यता वाढते.

निशामावशी: पण अनु, झाडाचंच तेल ना ते? नैसर्गिक.

अनुताई: मावशी, टी ट्रीत टर्पिनेन-४-ऑल, निलगिरीत सिनिओल, लवंगेत युजेनॉल. झाडातून आली तरी ही रसायनंच, आणि त्यांच्यामुळेच ऊ मरते. चुकून पोटात गेलं तर टी ट्रीनं मूल गुंगीत जातं, तोल जातो. निलगिरीनं लहान मुलांना झटकेसुद्धा येऊ शकतात. बाटली कपाटात वर, कुलपात ठेवा.

संदीपदादा: मग उपयोग होतो की नाही, ते सांग ना.

अनुताई: होतो दादा. २०१० साली ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. १०% टी ट्री आणि १% लव्हेंडर असलेलं औषध आठवड्याच्या अंतरानं तीनदा लावलं, तेव्हा ४२ पैकी ४१ मुलांच्या डोक्यात जिवंत ऊ उरली नव्हती. पायरेथ्रिन या कीटकनाशकाच्या औषधानं ४० पैकी फक्त १०. पण ते मोजून मापून बनवलेलं तयार औषध होतं, घरी थेंब टाकून केलेलं मिश्रण नव्हे. उवांना गुदमरवणारं तिसरं औषधही तितकंच लागू पडलं.

माधवीवहिनी: मग मी आता करू काय? उद्या शाळा आहे.

अनुताई: आधी फणी. केस ओले कर, भरपूर कंडिशनर लाव, गुंता काढ. मग उजेडात बसव आणि बारीक दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत एकेका बटेतून ओढ. दर वेळी पांढऱ्या कागदावर पूस, तिळाएवढी करडी ऊ लगेच दिसते. लीख मात्र केसाला डिंकानं चिकटवल्यासारखी असते, झटकून पडत नाही. पडली तर तो कोंडा. तेलानं लिखा मरतीलच असं नाही आणि त्या ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवायची, निदान दोन आठवडे. औषध हवंच असेल तर डायमेथिकोनचं, म्हणजे उवांवर थर बसवणाऱ्या सिलिकॉनचं बघ, पण जखमा आहेत म्हणून आधी डॉक्टरांना विचार. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी आजच बघा.

निशामावशी: गाद्या-उशा?

अनुताई: उशीचा अभ्रा, टॉवेल, कंगवे गरम पाण्यात धुतले की पुरे. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसच जगते. उडी मारत नाही, उडत तर नाहीच. डोक्याला डोकं लागलं की चढते. ईशाला रागावू नका, अस्वच्छतेचा काही संबंध नाही.

माधवीवहिनी: झालं फिरवून. पहिल्या खेपेला १४ निघाल्या, त्यातल्या तीन चालत होत्या. माझ्याही डोक्यात दोन सापडल्या. तेल कपाटात वर ठेवलंय.

अनुताई: छान. परवा परत फणी, ईशाला झोप येण्याआधी बसव.