मदत हवी आहे: २०० जणांसाठी पांढरा रस्सा तीन तास न फाटता गरम कसा ठेवावा?

कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी चाखणीचा कार्यक्रम आहे. १० काउंटर, प्रत्येकी ४०-५० ग्रॅमची चव, म्हणजे माणशी साधारण अर्धा किलो. याहून मोठी वाटी दिली की सहाव्या काउंटरपर्यंत पोट भरतं आणि पुढचं ताटात उरतं.

अडचण कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याची. माणशी ५० मिली, म्हणजे १० लिटर. सांडलवंड धरून साडेअकरा. नारळाचं दूध घातल्यावर उकळी आली की रस्सा फाटतो, आणि ६० अंशांखाली तासन्‌तास ठेवला तर जिवाणू वाढतात. सध्याचा विचार असा: मटणाचा अळणी रस्सा मोठ्या पातेल्यात उकळता ठेवायचा, नारळाचं दूध बर्फात, आणि दर ४० मिनिटांनी तीन-तीन लिटर एकत्र करून गरम पाण्यातल्या भांड्यात ठेवायचा. काजू-खसखशीचं वाटण रश्श्यातच शिजवलं तर दूध सावरतं. कॉर्नफ्लोअर नको, चव मातीमोल होते.

विचारायचंय ते हे. खालचं पाणी किती अंशांवर ठेवलं तर रस्सा ६५-७० वर टिकतो? झाकण किती उघडं ठेवावं? वाफेचं पाणी आत पडून रस्सा पातळ होतो.

दुसरं, वडे. बंद डब्यात घाम सुटून चिवट होतात. जाळीवर ठेवून मऊ न पडता किती वेळ टिकतात?

सोलकढी कच्च्या नारळदुधाची असल्याने, केमो सुरू असलेल्या पाहुण्यांसाठी वेगळी पाटी लावणारच आहोत. काजू, तीळ, नारळ यांच्या पाट्याही. कूपन काउंटरनिहाय छापावं की एकच पट्टी देऊन पंच करावं? रांग कशाने कमी होते?