सोलापुरात बर्फाच्या टायरचा सेट ठेवायचा कुठं आणि कसा? (एक्स५, १९ इंची)

अक्कलकोटरोडकर:
मंडळी, नमस्कार. दिवाळीनंतर थोरल्या भावानं चंदीगडहून सेकंडहँड बीएमडब्ल्यू एक्स५ आणली, २०२१ची. आधीच्या मालकांची हिमाचलात नारकंड्याकडं सफरचंदाची बाग आहे आणि हिवाळ्यात त्यांचं वर येणं-जाणं असायचं. त्यामुळं गाडीबरोबर बर्फाच्या टायरचा अख्खा सेट आला आहे. चारही टायर अलॉयवर बसवलेले, २६५/५० आर १९. कडेला डोंगराची तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चिन्ह आहे, तारखेचा आकडा ३८२१, म्हणजे २०२१चा ३८वा आठवडा. नक्षी चांगली शिल्लक दिसते. सध्या गाडीवर साधे टायर आहेत: पुढं २७५/४५ आर २०, मागं ३०५/४० आर २०.

घरात तीन डोकी, तीन मतं. भाऊ म्हणतो थंडी आली, आताच बसवू, वीस इंची तेवढेच वाचतील. वडील म्हणतात विकून मोकळे व्हा. मला हा सेट ठेवायचा आहे. आधीच्या मालकांनी बागेवर या म्हणून आग्रह केलाय, पोरांनी बर्फ पाहिलेला नाही, आईलाही घेऊन जायचं आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा झाला की निघायचं असं ठरतंय. आई गाडीत असताना टायरच्या बाबतीत मला कसलीही काटकसर नको.

तर सेट ठेवायचा कुठं? माझ्याकडं तीन जागा आहेत. एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना, म्हणजे पत्र्याचं शेड. घराची गच्ची. आणि मोहोळजवळ गावाकडचं माळवदाचं घर, जे बहुतेक बंदच असतं. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहेच.

बाळीवेसकर:
विकू नका एवढंच सांगतो. २०२० पासून परदेशी टायरच्या आयातीला परवाना लागतो. या साइझचा बर्फाचा टायर नंतर शोधायला गेलात तर दमून जाल.

टायरवाले अप्पा:
मालक, राम राम. पुणे नाक्याकडं माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. मोठ्या गाड्या रोज हातावर असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भावाला थांबवा. हा टायर साधारण सात अंशांच्या खालच्या रस्त्यासाठी केलेला असतो. साधा टायर त्या थंडीत कडक होतो, रस्ता धरत नाही. ह्याचं रबर तेव्हाही मऊ राहतं, आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. सोलापुरात जानेवारीच्या दुपारी तीस अंश असतंय, डांबर त्याहून तापलेलं. त्या रस्त्यावर हे मऊ ठोकळे नुसते हलतात. ब्रेक लागायला अंतर जास्त, वळणावर गाडी डोलल्यासारखी, आणि झीज भराभर. वीस इंची वाचवायला जाल आणि हा सेट खाऊन बसाल.

आता जागेचं. कारखाना आधी बाद. पत्रा तापला की शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त ऊन लागतं. तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण तिथं लूमच्या मोटारी आहेत. विजेच्या मोटारी, वेल्डिंग, चार्जर यांच्या ठिणग्यांतून ओझोन वायू तयार होतो आणि रबराचा खरा शत्रू तोच. कडेच्या भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. नक्षी नव्यासारखी आणि कडा मात्र तडकलेल्या, असे टायर मी दुकानात कितीदा पाहतो. लोक मला म्हणतात, अप्पा, हे तर चाललेच नाहीत. चालले नाहीत, पण वेल्डिंगच्या टेबलाजवळ पडून होते. शिवाय लूमचं तेल-ग्रीस. रबराला तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं.

गच्चीही नको. ऊन तर आहेच, पहिल्या पावसात आत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास त्यातच होतात. महापालिकेची माणसं गच्च्या तपासत येतात ती काय उगाच नव्हे.

माळवदाचं घर मात्र उत्तम. जाड भिंती, मातीचं छत, खिडक्या लहान. मेमध्येही आतली खोली गार आणि अंधारी राहते, टायरला दुसरं काय पाहिजे? फक्त त्या खोलीत फवारणीचं औषध, खताची पोती, डिझेलचा कॅन असलं काही असेल तर आधी दुसरीकडं हलवा. आणि माळवद गळत नाही ना, तेवढं पावसाआधी बघून घ्या.

ठेवायच्या आधी चाकं साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, रिमच्या आतल्या बाजूला बसलेली ब्रेकची काळी पूडसुद्धा. नक्षीत अडकलेले खडे काढा. सावलीत पूर्ण वाळू द्या. चमकायचं पॉलिश अजिबात मारू नका. खडूनं प्रत्येकावर लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं, असं. तुमचे टायर रिमवर आहेत, म्हणून आडवे, एकावर एक ठेवले तरी चालतात. नुसते टायर असते तर उलटं: तेव्हा उभे ठेवायचे आणि महिन्याला थोडे फिरवायचे. हवा नेहमीपेक्षा सात-आठ पीएसआय जास्त भरा, कारण पडून पडून ती उतरतेच. खाली लाकडी फळ्या घाला. जाड काळ्या पिशवीत प्रत्येक चाक बांधा, वरून जुनी सोलापुरी चादर टाका. एकेक चाक तीस किलोच्या आसपास भरेल, एकट्यानं उचलू नका.

अक्कलकोटरोडकर:
अप्पा, मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं, त्याचं समाधान झालं. आता दुसरी अडचण. निघताना हा सेट बसवून निघायचं म्हटलं तर इथून चंदीगडपर्यंत सगळा कोरडा, गरम रस्ता. तुमच्या म्हणण्याप्रमाणं ते चुकीचं. आणि चार चाकं गाडीत टाकून नेली तर सामान आणि माणसं कुठं बसवू?

म्युनिकची लेक:
दादा, माझं माहेर सोलापूरचंच, सध्या राहते म्युनिकला. आमच्याकडंही मोठी एसयूव्ही आहे आणि वर्षातून दोनदा हा चाकबदल होतो. तुमच्या अडचणीवर इथली पद्धत उपयोगी पडेल असं वाटतं.

इथं रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायर कायद्यानंच लागतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तुम्ही वर्णन केलंत ते शिखर-हिमकणाचं चिन्ह सक्तीचं झालं, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही. नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक गुण. ऑक्टोबर ते ईस्टर असं लोक तोंडी लक्षात ठेवतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडं जागा नसते, म्हणून टायरच्या दुकानांनीच सांभाळायची सोय काढली आहे. दुकानवाले चाकं उतरवतात, धुतात, नक्षीची खोली मोजून लिहून देतात आणि पुढच्या हंगामापर्यंत स्वतःच्या गोदामात ठेवतात. त्याला टायरचं हॉटेल म्हणतात. आम्ही तेच करतो.

म्हणजे जिथं थंडी पडते त्याच गावात चाकं राहतात. तुमचा सेट सोलापुरात का राहावा? चंदीगडला कुणी ओळखीचं, किंवा एखादं चांगलं टायरचं दुकान सांभाळायला तयार असेल तर तिथंच ठेवा. वीस इंचीवर आरामात चंदीगड गाठा, तिथं बदला, वर जाऊन या, परत बदला.

आणखी एक. नक्षी चांगली दिसते म्हणालात, ती मोजून घ्या. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी हिवाळी टायरला निदान ४ हवीत. शेजारच्या ऑस्ट्रियात तर ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर हिवाळी धरतच नाहीत. आईंना घेऊन जाताय, म्हणून मुद्दाम सांगते.

हिमाचल फिरस्ता:
नोकरीनिमित्त काही हिवाळे शिमल्यात काढले, म्हणून रस्त्याचं थोडं. कुफ्री, फागू, ठियोग, मतियाना आणि मग नारकंडा. पडलेला ताजा बर्फ दिसतो तरी, माणूस सावध होतो. धोका असतो तो सावलीतल्या वळणांवर पहाटे गोठलेल्या पाण्याचा. रस्ता नुसता ओला वाटतो आणि गाडी सरळ निघून जाते. सकाळी घाई करू नका, ऊन वर येऊ द्या.

गाडी चारही चाकांवर ओढणारी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती ताकद चढ चढताना कामाची. ब्रेक मारल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच, तिथं फक्त टायर वाचवतो. टायरवर चढवायची बर्फाची चेन सोबत असू द्या, पण तुमच्या साइझला कोणती आणि कुठल्या चाकांवर लावायची ते गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. चेन लावल्यावर ताशी ५०च्या वर जायचं नाही. आणि काच धुवायच्या टाकीत सोलापूरचं साधं पाणी असेल तर ते वर गोठेल. चंदीगडला न गोठणारं द्रव भरून घ्या.

टायरवाले अप्पा:
ताई बोलल्या ते एकदम बरोबर. मालक, सेट ट्रान्सपोर्टनं चंदीगडला लावून द्या. वरच्या खोलीत, बेसमेंटमध्ये, कुठंही असो; ऊन आणि मोटारी नकोत एवढं त्यांना बजावा. तिकडं सोय नाहीच लागली तर मोहोळचं घर आहे, आणि तेव्हा चाकं ट्रान्सपोर्टनंच पुढं पाठवायची.

बदलताना काय बघायचं ते सांगतो, कारण तिथं मी नसणार. गाडी आपल्या जागी जॅकवर घेतली पाहिजे, खाली रबरी पॅड ठेवून. एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी पुस्तकात दिलेली सूचना पाळायची. हबवर, म्हणजे चाक जिथं बसतं तिथं, गंज असेल तर तारेच्या ब्रशनं साफ करायला लावा, नाहीतर चाक नीट बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट एअर गननं आवळून टाकू देऊ नका. हातानं धरायचे, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, शेवटी ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क रेंचनं. तुमच्या गाडीला १४० न्यूटन मीटर. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासायचे, म्हणजे शिमल्याच्या आसपास कुठंतरी थांबून. हे कुणी करत नाही, तुम्ही करा.

स्क्रीनवर टायरच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा सेट निवडा, मग चालवताना गाडी चाकातले हवेचा दाब मोजणारे सेन्सर ओळखते. दाबाचा दिवा विझला नाही तर त्या रिममध्ये सेन्सर नाहीत किंवा त्यांची बॅटरी संपली आहे. हे सेट इथून पाठवायच्या आधीच कळायला पाहिजे. दुकानात आणा, मशीन लावून बघतो, नक्षीही मोजतो.

हवेचं लक्षात ठेवा. पाच-सहा अंश थंडी वाढली की साधारण एक पीएसआय उतरतो. चंदीगडला दुपारी बरोबर भरलेली हवा नारकंड्याला पहाटे कमी दाखवू शकते. वर मुक्काम झाल्यावर सकाळी थंड टायरवर मोजा आणि भरा. छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा.

ह्या सेटचा एक फायदा सांगायचा राहिला. चारही एकाच साइझचे आहेत, त्यामुळं पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात. वीस इंचीत ते जमत नाही. आता खडूनं जागा लिहाल ना, तर पुढच्या हिवाळ्यात पुढचे मागं टाका. नक्षीवर बाण असेल तर बाजू मात्र बदलायची नाही, डावं चाक डावीकडंच.

अक्कलकोटरोडकर:
अप्पा, ताई, आभार, आणि फिरस्ता, तुमचेही. आत्ताच नारकंड्याच्या काकांना, म्हणजे गाडीच्या आधीच्या मालकांना, फोन केला. त्यांचा चंदीगडमध्ये गॅरेजला लागून खोलीचा एक गाळा आहे, उत्तरेकडं तोंड असलेला, मोटार नाही की वेल्डिंग नाही. म्हणाले, पाठवून द्या, इतके दिवस माझीच होती की ती चाकं. वडीलही आता विकायचं म्हणत नाहीत.

रविवारी टेम्पोत घालून चारही दुकानात आणतो. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून असणाऱ्या लॉक बोल्टची चावी डिकीत सापडली आहे. त्या बोल्टांसाठी १९ इंची रिमला वेगळं माप लागतं का, ते बघायला ती आणू का?

टायरवाले अप्पा:
चावी आणाच, आणि गाडीही आणा. एक चाक चढवून बघतो, बोल्ट तेच बसतात की नाही ते तिथंच कळेल. चावी नंतर डिकीतच ठेवा, घरी कपाटात नको. सकाळी अकराच्या आत या, रविवारी दुपारी दुकान बंद असतं.